हळू आवाजात वाचायचे शाप

बहिऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे बेनयामीन थळकरांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांची समजूत होती की जगात कुणाशीही भांडता येतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. राहुरीला मुळेच्या कालव्यावर निरीक्षक असताना चोरून दार उचलणारे, बांधाखालून पाइप घालणारे, 'सायेब, एकच रात' म्हणून गळ घालणारे, सगळ्यांशी ते भांडले आणि बहुतेक भांडणं जिंकले. पण भांडणाला समोरच्याचे कान लागतात, आणि कानिफनाथकडे तेच नव्हते.

निवृत्त झाल्यावर थळकरांनी पारनेरपासून सात-आठ किलोमीटरवर दोन एकर जमीन घेतली. जमिनीबरोबर अर्धी विहीर आली आणि विहिरीच्या दुसऱ्या अर्ध्याबरोबर कानिफनाथ आला. साठीचा, काटक, कायम हसतमुख. बोलायचा फार मोठ्याने आणि एका सुरात, कारण स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नसे. लिहिण्या-वाचण्याचा संबंध नव्हता. घरात तो आणि बायको लंकाबाई. मुलगा चाकणला कंपनीत.

विहिरीच्या पाण्याचे वार ठरलेले होते. गुरुवार-शुक्रवार थळकरांचे, उरलेले कानिफनाथचे. खरं तर शनिवारही थळकरांच्या वाट्याचा, पण तो त्यांनी पहिल्याच वर्षी सोडून दिला होता. थळकर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळ कोकणातल्या थळचे, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक. शनिवार म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी मोटारीचं बटण दाबायचं नाही. हे गावाला समजावून सांगण्यात त्यांनी दोन वर्षं घालवली. गावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि साहेब शनीचे कडक उपासक आहेत असं ठरवून टाकलं. शिंगणापूर जिल्ह्यातच असल्यामुळे हे सगळ्यांना सोपं गेलं. पुढे पुढे दर शनिवारी कुणीतरी ओट्यावर तेलाची वाटी ठेवून जाऊ लागलं. थळकर दातओठ खात रविवारी ते तेल दाराच्या बिजागऱ्यांना घालत.

तर पाण्याचं. मोटार चालू आहे की बंद, हे कानिफनाथला ऐकू येत नसे. तो पाइपावर तळहात ठेवून बघायचा. पाइप थरथरला की चालू, गप्प असला की बंद. पद्धत काही वाईट नव्हती, पण त्यासाठी माणसाने पाइपापाशी जायला हवं. बुधवारी संध्याकाळी दमूनभागून तो घरी जाताना ऑटोचं बटण बंद करायला विसरायचा. रात्रीची लाईट आली की मोटार आपली आपण सुरू व्हायची आणि उजाडेपर्यंत विहीर उपसत राहायची. विहीर घरापासून लांब, त्यामुळे लंकाबाईलाही पत्ता लागत नसे. गुरुवारी सकाळी थळकर डोकावले की तळाला चिखल आणि त्यात दोन बेडूक.

थळकरांनी सगळं करून पाहिलं. वारांचा बोर्ड रंगवून लावला, तो वाचणार कोण. बोटांवर वार मोजून दाखवले, बटणाकडे नेऊन बटण दाखवलं, विहिरीकडे बोट करून स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. कानिफनाथ मन लावून बघायचा आणि म्हणायचा, "व्हय सायेब, कळलं." पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. लबाड असता तर थळकरांनी त्याला बरोबर सरळ केला असता. तो लबाड नव्हता, हीच तर पंचाईत होती.

एरवी हे सगळं नुसतं डोक्याला ताप म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्या वर्षी ऑगस्ट ठणठणीत कोरडा गेला आणि थळकरांच्या महाळुंगांना पहिल्यांदाच फळं धरली होती.

महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीतलं मोठं, खडबडीत, सुवासिक फळ. ज्यूंच्या मांडवाच्या सणाला, सुक्कोथला, हे फळ हातात धरून प्रार्थना करायची असते. झाड कलमी चालत नाही, फळावर डाग चालत नाही, टोकाचा देठुकला मोडलेला चालत नाही. पुण्याच्या सिनेगॉगमध्ये ते दरवर्षी परदेशाहून कापसात गुंडाळून यायचं. थळकरांनी बी लावून चार झाडं वाढवली, सहा वर्षं त्यांची उस्तवार केली, आणि फळं धरल्यावर पुण्याला कळवून टाकलं की यंदाचं फळ माझ्या शेतातलं.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण सिनेगॉगमध्ये थळकरांचं नाव ज्या कामाशी जोडलेलं होतं, ते आधी सांगायला हवं.

दरवर्षी नव्या वर्षाच्या सणाआधी दोन-तीन आठवडे असा एक शब्बाथ येतो, की धर्मग्रंथाची चामड्याची गुंडाळी उघडली की शापांचा भाग समोर येतो. देवाचं ऐकलंत तर काय भलं होईल ते आधी चौदा वाक्यांत, आणि ऐकलं नाहीत तर काय वाटोळं होईल ते नंतर चोपन्न वाक्यांत. शाप हळू आवाजात आणि भराभर वाचून संपवायचे, अशी रीत आहे. मोठ्याने म्हटलेल्या शापाला पाय फुटतात, असं जुनी माणसं सांगत. तो भाग वाचायला कुणी पुढे होत नाही. कुणाची सून गरोदर असते, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असतं. एका वर्षी नेहमीचा वाचणारा आजारी पडला आणि थळकर पुढे झाले. तेव्हा ते चाळिशीत होते, पुण्याच्या लोकांत नवखे होते आणि आपल्याला कुणी ओळखावं अशी त्यांची इच्छा होती. सासऱ्यांनी स्वतःच्या आवाजात कॅसेट भरून दिली. ती शापांपासूनच सुरू व्हायची. आशीर्वाद दुसरा माणूस वाचणार होता, ते कशाला भरायचे. राहुरीच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकून थळकरांनी चोपन्नच्या चोपन्न वाक्यं हिब्रूत, चालीसकट पाठ केली.

त्यानंतर तेवीस वर्षं दुसऱ्या कुणाला विचारलंच गेलं नाही. 'थळकर आले का? मग झालं.' लोकांनी त्यांना ओळखलं ते असं. अख्ख्या ग्रंथातला तेवढा एक तुकडा त्यांना पाठ होता, आणि तो दरवर्षी तोंडातल्या तोंडात पुटपुटून त्यांनी गावोगावच्या सुना आणि ऑपरेशनं सांभाळली. लोक चांगले वागायचे, पण हात मिळवला की जरा लवकर सोडायचे, असं थळकरांना वाटे. बायको रुहामा म्हणे, तुमच्या मनाचे खेळ. असतीलही. पण या वर्षी शाप आणणारा माणूस फळ आणणार होता, आणि ते फळ प्रत्येकाला हातात घ्यावं लागणार होतं.

त्या वर्षी रुहामा मुलीच्या बाळंतपणासाठी इस्राएलात अश्दोदला गेलेली होती. जाताना तिने दोनच गोष्टी बजावल्या होत्या: गॅस आठवणीने बंद करा आणि तोंड सांभाळा.

शापांच्या शब्बाथच्या आधीचा गुरुवार. थळकर सकाळी झाडांमधून फिरत, हळू आवाजात पाठांतर घोळवत विहिरीवर गेले. चिखल आणि बेडूक. झाडांची पानं माना टाकून होती. नऊ फळांपैकी चार खाली पडलेली, त्यातलं एक त्यांच्या चपलेखाली आलं. तेवढ्यात पलीकडच्या बांधावर कानिफनाथ गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभा राहिला आणि त्याने नेहमीसारखा हसून हात केला.

थळकरांनी सुरुवात मराठीत केली. कालव्यावरचं चौतीस वर्षांचं मराठी होतं, ते काही कमी नव्हतं. पण ते समोरच्या हसण्यावर आपटून खाली पडत होतं. एकही शब्द पोचत नाही म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात काहीतरी फुटलं, आणि जिभेवर सकाळपासून जे घोळत होतं तेच बाहेर पडलं. हिब्रूत, चालीवर, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने. शहरात शापित, शेतात शापित. टोपली शापित, पीठ मळायची काथवट शापित. डोक्यावरचं आभाळ तांब्याचं आणि पायाखालची भुई लोखंडाची. तेवीस वर्षं दाबून धरलेला आवाज असा सुटला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. आणि खोटं कशाला सांगा, थळकरांना त्यात सुख झालं. एवढं सुख त्यांना सिनेगॉगमध्ये कधी झालं नव्हतं.

कानिफनाथने भारा खाली ठेवला, टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घालून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

साहेब देवाचं म्हणताहेत असं त्याला वाटलंय, हे थळकरांच्या लक्षात आलं, आणि शेवटची चार-पाच वाक्यं म्हणायची राहिली. ते तडक घरी आले. शुक्रवारी पुण्याला गेले. शनिवारी नेहमीसारखे शाप हळू आवाजात वाचले, हळू आवाजात लोकांनी 'छान झालं' म्हटलं, आणि रविवारी ते परत आले.

आले तर कानिफनाथच्या घराला कुलूप. त्याची मोटार जळाल्याचं शुक्रवारी कळलं होतं. कोरड्या विहिरीत रात्रभर चालून जळणारच होती. ती काढायला तो खाली उतरला, पायरीवरच्या शेवाळावरून घसरला आणि आठ-दहा फूट खाली पडला. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं होतं आणि पायात सळई घालणार होते.

चोपन्न वाक्यांत एक वाक्य गुडघ्यांचं आणि पायांचं आहे. थळकरांना ते वाक्य ओट्यावर उभ्या उभ्या आठवलं.

तसे ते मोजमापाचे गृहस्थ. शाप-बिप ते मानत नसत; मानले असते तर तेवीस वर्षं वाचले असते का? मोटार का जळाली, पाय का मोडला, याचा सरळ हिशेब त्यांना मांडता येत होता. तो त्यांनी दोन दिवस स्वतःपुढे मांडला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या हज्जानना, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या शमुवेलना, फोन लावला.

शमुवेल वयाने धाकटे असले तरी शास्त्रात पक्के होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग थळकरांची जी खरडपट्टी काढली तशी खात्यातल्या कुठल्या साहेबानेही कधी काढली नव्हती. बहिऱ्याला शाप देऊ नये, हे शास्त्रात नाव घेऊन सांगितलेलं आहे. बहिऱ्याचंच नाव का? तर त्याला कुठे ऐकू येतंय, त्याचं काय जातंय, असं प्रत्येकाला वाटतं म्हणून. शाप त्याच्या कानात जात नाही, पण तुमच्या तोंडातून तर जातो ना, आणि पहिली घाण तिथे होते. दुसरं, साध्या माणसाचा शापही हलका समजू नये, असं जुने गुरू बजावून गेलेत. विद्वानाचा शाप तर विनाकारण दिलेला असला तरी लागतो म्हणतात. "तुम्ही विद्वान नाही, एवढंच काय ते नशीब," शमुवेल म्हणाले.

पाय त्यामुळेच मोडला का, असं थळकरांनी विचारलं. ते शेवाळाला विचारा, शमुवेल म्हणाले. पण मोडावा म्हणून तुम्ही बोललात ना, तेवढं तुमच्या नावावर. मग त्यांनी विचारलं, "सुरुवात कुठून केली होती?"

"पहिल्यापासून."

"पहिलं वाक्य काय आहे?"

थळकरांनी ते म्हणून दाखवलं. पहिलं वाक्य साधं आहे. तू जर ऐकलं नाहीस, तर हे सगळे शाप तुझ्यावर येतील.

"बहिऱ्याला," शमुवेल म्हणाले.

पुढचं थळकरांना ठाऊक होतं, तरी शमुवेलनी सांगितलंच. दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेऊन उपासात काढायचा प्रायश्चित्ताचा दिवस, तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी देवाविरुद्ध केलेलं देव पुसतो. माणसाविरुद्ध केलेलं पुसत नाही, ते त्या माणसाकडूनच पुसून आणावं लागतं. तोंडाने कबूल करायचं आणि माफी मागायची. नाही दिली तर तीनदा जायचं. थळकरांनी शेवटी चाचरत फळांचं विचारलं, ती आता चालतील ना. "फळांना काही झालेलं नाही," शमुवेल म्हणाले. "झालंय ते तुम्हाला."

आता तुम्हीच सांगा, ज्याला ऐकू येत नाही आणि वाचता येत नाही, त्याच्यापुढे कबुली द्यायची कशी? आणि तीही अशा गोष्टीची, की जिच्यापुढे तो हात जोडून उभा राहिला होता.

पहिल्यांदा थळकर दवाखान्यात गेले. मोसंबी नेली. कानिफनाथ खाटेवर पाय टांगून पडला होता, त्यांना बघून त्याचा चेहरा फुलला. थळकरांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे, मग त्याच्याकडे, मग त्याच्या पायाकडे. मग डोळे मिटून स्वतःच्या दोन्ही गालांत मारून घेतल्या. कानिफनाथने काळजीने बघितलं.

"दाढ दुखती व्हय सायेब?" सगळा वॉर्ड वळून बघेल अशा आवाजात त्याने विचारलं, आणि लंकाबाईला खाली लवंग आणायला पिटाळलं. थळकरांनी मान हलवून हलवून नाही म्हटलं. जितकं नाही म्हणावं तितकी दाढ जास्त दुखतेय असं त्याला वाटत होतं. शेवटी ते लवंग चघळत एसटीत बसले आणि पारनेर येईपर्यंत स्वतःवर चरफडत राहिले.

वर लंकाबाईने जिन्यापर्यंत येऊन सांगितलं होतं, आमची मोटार तर गेली, आता सातही दिवस पाणी तुमीच घ्या, झाडं जगवा. थळकरांनी चार दिवस मोटारीला हात लावला नाही. मग पानं पिवळी पडायला लागली आणि त्यांनी बटण दाबलं. उरलेली पाचही फळं तरारली. एकेक दिवसाने फुगत, पिवळसर होत, कुठे डाग नाही, टोकाला धक्का नाही. सहा वर्षं ज्यांची वाट बघितली ती फळं आता बघवत नव्हती.

दुसऱ्यांदा ते कानिफनाथला घरी आणल्यावर गेले. तो झोपला होता. थळकरांनी लंकाबाईला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं, शाप म्हणजे काय, कुठल्या भाषेतला, किती वाक्यांचा. आणि विनवलं की तुम्ही त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलता, तुम्ही त्याला सांगा. लंकाबाईने पदर तोंडाला लावला आणि विहिरीकडे बघितलं.

"सायेब, आमच्या हातांत भाकर हाय, पानी हाय, गुरं हाय, पावना आला, पोरगं आलं, एवढंच हाय," ती म्हणाली. "शापाचा हात आमच्यात न्हाई. आन् असता तरी मी केला नसता."

मग तिने सांगितलं ते थळकरांना सात वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. ही विहीर आधीच्या मालकाने खोदली तेव्हा सुरुंग लावायला कानिफनाथ होता. एक सुरुंग उडायचा राहिला. तो बघायला गेला आणि तेव्हाच उडाला. कान गेले ते याच विहिरीत, एकतीस वर्षांपूर्वी. मालकाने भरपाई म्हणून विहिरीतला अर्धा वाटा लिहून दिला, आणि उरलेला अर्धा पुढे जमिनीबरोबर थळकरांकडे आला. म्हणजे गुरुवार-शुक्रवारचं जे पाणी चोरीला जातं म्हणून थळकर नाचत होते, ते त्या माणसाच्या कानांतून निघालेलं होतं. लंकाबाईने हे काही टोमणा म्हणून सांगितलं नाही. चहा ठेवू का, असं तिने लगेच विचारलं.

तिसरी खेप उरली. नवं वर्ष आलं आणि गेलं. दारफाळणीच्या आदल्या दिवशी दुपारी एकची पुण्याची गाडी होती. फळं कापसात गुंडाळून, पिशवी भरून थळकर स्टँडवर गेले, गाडी आली, कंडक्टरने दोनदा विचारलं, आणि गाडी त्यांच्याशिवाय सुटली. माफी न घेता त्या दारातून आत कसं जायचं? सूर्य मावळला की सण लागणार होता. ते पाय ओढत शेतावर परत आले. स्वतःवर, कानिफनाथवर, सासऱ्यांच्या त्या कॅसेटवर, सगळ्यांवर त्यांचा सारखाच राग होता, आणि रागाचा काही उपयोग नव्हता.

मग त्यांना एकच मार्ग सुचला. हातवारे कळत नाहीत, तर तो दिवसच पुन्हा करून दाखवायचा. कानिफनाथ लिंबाखाली बाजेवर प्लास्टरचा पाय पसरून बसला होता. थळकर समोरच्या बांधावर जाऊन उभे राहिले. त्याच्याकडे तोंड केलं, हात तसाच उगारला आणि तोंड उघडलं. शब्द उच्चारायची हिंमत नव्हती, म्हणून नुसते ओठ हलवले.

कानिफनाथने टोपी काढली आणि हात जोडले. अगदी त्या दिवसासारखे. पण आज आवाज नव्हता, राग नव्हता, त्यामुळे थळकरांना पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. तो देवापुढे हात जोडणाऱ्याचा चेहरा नव्हता. पाऊस ओसरेपर्यंत वळचणीला उभं राहणाऱ्या माणसाचा होता.

थळकर बांध उतरून आले, बाजेपाशी बसले आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांना त्यांनी हात लावला. ओसरीवर लंकाबाई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

"तुमी मला शाप दिला हुता त्या दिशी," कानिफनाथ आपल्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला. "मला ठावं हाय. देवाचं म्हननारा मानूस वर बगतो. तुमी माझ्याकडं बगत हुता."

थळकरांनी दोन्ही हात जोडून दाखवले आणि भुवया उंचावल्या. मग हे कशाला?

"हात जोडले की मानूस लवकर थांबतो. एकतीस वर्सं लोकांची तोंडं बगतोय मी, दुसरं काय वाचतोय? त्याला कुटं ऐकू येतंय म्हनून समदे बोलून घेत्यात." त्याने टोपी परत डोक्यावर घातली. "तुमी मातर थांबला न्हाई. लई येळ चाललं तुमचं."

पाय शेवाळाने मोडला, तुमच्यामुळे नाही, असंही त्याने सांगितलं, आणि गालांत का मारून घेतल्या ते दवाखान्यातच कळलं होतं, दाढेचं आपलं मुद्दाम काढलं, पण पायात कळा मारत होत्या, म्हणून तेव्हा माफ करायचं मन नव्हतं, असंही सांगितलं. थळकरांनी कान धरले. कानिफनाथने ते हात खाली केले.

"आता चांगलं बोला," तो म्हणाला. "त्याच भाषेत. तेवढ्याच मोठ्यानं."

आणि त्याने थळकरांच्या छातीवर तळहात ठेवला, पाइपावर ठेवायचा तसा.

थळकरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला चांगलं काही येतच नाही. आशीर्वाद त्यांच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. त्या चौदा वाक्यांच्या वेळी ते आपल्या पाळीची वाट बघत, घसा साफ करत उभे असायचे. पुस्तक घरी होतं. सूर्य लिंबाच्या खोडाशी आला होता. कानिफनाथचा हात छातीवर होता, आणि पाइप गप्प होता.

मग त्यांनी आपल्याजवळ होतं तेच घेतलं. शापांमधलं दुसरं वाक्य धरलं, त्यातला 'अरूर' हा शापाचा शब्द काढला आणि त्या जागी 'बारूख' हा आशीर्वादाचा घातला. शहरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित. चाल तीच, सासऱ्यांच्या कॅसेटमधली. टोपली आशीर्वादित, काथवट आशीर्वादित. घरातली लेकरं, जमिनीचं पीक, गोठ्यातली गुरं आशीर्वादित. घरात येताना, घरातून जाताना. आवाज पहिल्यांदा कापला, मग मोठा झाला, आणि कावळे परत उडाले. कानिफनाथ हात न हलवता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

चार वाक्यांनंतर थळकर थांबले. त्यापुढे सगळी रोगराई, दुष्काळ आणि मोडलेले पाय. एक शब्द बदलून चांगलं होईल असं तिथे काही नव्हतं.

"एवडंच?" कानिफनाथने विचारलं. "त्या दिशी तर लई येळ चाललं हुतं."

थळकरांनी श्वास घेतला आणि पुन्हा शहरापासून सुरुवात केली. ते संपलं, तरी छातीवरचा हात निघाला नाही, म्हणून पुन्हा. सूर्य टेकला, सण लागला, घराचं दार उघडं ते उघडंच राहिलं, आणि थळकर चौथ्यांदा टोपली आणि काथवटीपर्यंत आले होते.